बिराप्पांची कंबर

बिराप्पा टेकत नाहीत. भिंतीला नाही, खांबाला नाही, खुर्चीच्या पाठीला तर नाहीच. माझ्याकडे आले की मी खुर्ची पुढे करते. ते तिच्या कडेवर ताठ बसतात आणि त्यांची पाठ नि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी राहते. आमची मांजर त्या जागेतून ये-जा करते.

ओम, व्हिडिओ कॉलवर मागून "बेड, बेड" असं कोण ओरडतं, असं तू दोनदा विचारलंस. मीराला वाटलं, कोणी पलंग विकायला येतं. ते तुम्हा दोघा भावंडांच्या आजीचे, म्हणजे माझे, शेजारी बिराप्पा. कानडीत 'बेड' म्हणजे नको. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पुढे, जिथे माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि कानडीत संपवतो. घराणं मेंढरं राखणारं. ते मात्र तरुणपणीच सोलापूरला आले, चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात लागले आणि आज तिथल्या माल चढवणाऱ्या टोळीचे मुकादम आहेत. टॉवेलचे खाटेएवढे लांब गठ्ठे ट्रकमध्ये चढवायचे, हे टोळीचं काम. एका गठ्ठ्याला दोन माणसं, दोन टोकांना. एक जोडी ठरली की सहसा बदलत नाहीत, कारण पाऊल, श्वास आणि हाक जुळायला वेळ लागतो.

जगातल्या ज्या ज्या वस्तूने माणसाला मदत होते, तिला बिराप्पा 'टेकू' म्हणतात आणि तिला त्यांचं एकच उत्तर असतं. छत्री? टेकू, बेड. चष्मा? बेड. वर्तमानपत्र ते हात लांब करून वाचतात. गेल्या वर्षी हात पुरेनासा झाला, तेव्हा मायव्वांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पेपर धरून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. मायव्वांनी दोन दिवस धरला आणि तिसऱ्या दिवशी त्यात भाकरी बांधली. चहाचा कप ते कानाला धरून उचलत नाहीत, अंगाला धरून उचलतात. "कान कशाला पायजे? त्यो बी टेकूच की," असं म्हणत चटका बसलेली बोटं हळूच धोतराला पुसतात.

एकदा आम्ही दोघे योगायोगाने अक्कलकोटच्या एकाच एसटीत होतो. बसायला जागा होती, तरी ते मधोमध उभे. दांडी धरलेली नाही, हात मागे बांधलेले. वळसंगच्या अलीकडे ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि बिराप्पा एका बाईंच्या पेरूच्या पाटीत बसले. त्यांनी तिथूनच, पेरूंवर बसूनच, ड्रायव्हरला सांगितलं, "अरं, माणूस हुबा हाय हितं, दिसत न्हाय व्हय?"

"टेकला की माणूस तितंच ऱ्हातो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मायव्वांचं मत वेगळं आहे. "बाई, ह्येंच्या पाठीत हाड न्हाय. मेख हाय, मेख! देवानं ठोकली आन् काडायची इसरला."

अशा माणसाच्या कारखान्यात मागच्या हिवाळ्यात पाठीला आधार देणारे पट्टे आले.

वस्तू साधी आहे, मी स्वतः बघितली. काळे पट्टे छातीवरून आणि मांड्यांवरून बांधायचे. पाठीमागे दोन लवचीक दांड्या. माणूस वाकला की दांड्या ताणतात आणि उठताना त्याला वर ओढतात. बॅटरी नाही, आवाज नाही. पुण्याहून एक तरुण इंजिनिअर मुलगी ते घेऊन आली होती. तिने माणसांना समजावून सांगितलं, एकेकाचं माप घेतलं आणि महिनाभर वापरून बघा, तोवर मी इथेच आहे, म्हणाली. बिराप्पांच्या टोळीने त्याच दिवशी दुपारी पट्ट्याला नाव ठेवलं, पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी सोबतीला जी मुलगी पाठवतात ना, ती पाठराखीण. पाठीला चिकटून कायम सोबत राहते म्हणून.

नाव फार गोड होतं, पण त्याने सगळा घोटाळा केला. कारण मुकादमांनी लगेच सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ज्येला पाठराखीण लागती, त्येनं लुगडं नेसून सासरला जावं. हितं काम कराय येऊ नये." टोळी हसली. पट्टे खुंटीवर राहिले.

कंपनीने महिना संपेपर्यंत वाट बघायची ठरवली होती. टोळीने नको म्हटलं तर पट्टे पुण्याला परत. हो म्हटलं तर कायमचे. तेवढ्यासाठी प्रत्येकाकडून आधी एक आणि महिना संपल्यावर एक असा फॉर्म भरून घ्यायचा होता, आणि इथे मी या गोष्टीत आले.

शुक्रवारी संध्याकाळी बिराप्पा दोन कागद घेऊन आले. एक मराठी, एक इंग्रजी.

"बाई, ह्यो इंग्रजी वाचून मराठीत सांगा."

"अहो, हा दुसरा मराठीच आहे की."

"त्यो समजंना म्हनून तर इंग्रजी आनलाय."

मी मराठी कागद वाचला. 'परिधेय आधार-उपकरणाच्या स्वीकारार्हतेविषयी आपली सहमती-पातळी दर्शवावी.' मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, मराठी माझ्या आईची भाषा, पण मलाही इंग्रजी कागदच घ्यावा लागला.

प्रत्येक प्रश्नाखाली स्वतःच्या शब्दांत लिहायला एक ओळ होती आणि पाच तयार उत्तरं होती. अजिबात नाही, बहुधा नाही, सांगता येत नाही, बहुधा हो, पूर्णपणे हो.

"पाच?" बिराप्पा म्हणाले. "उत्तरं दोनच असत्यात की."

"एखादी गोष्ट थोडीशी पटते, असं नसतं का?"

"मेंढरू थोडंसं हरवलंय, असं असतंय व्हय? एक तर हाय, न्हायतर न्हाय."

"बरं. उपकरणावर तुमचा विश्वास आहे का?"

"वळख न्हाय, पाळख न्हाय, गावाचा पत्त्या न्हाय. इस्वास कुटला?"

"म्हणजे अजिबात नाही. उपकरण घालून संडासला जाणं सोयीचं वाटतं का?"

बिराप्पा माझ्याकडे बघत राहिले. "ह्ये त्या पोरीनं लिवलंय?"

"हो."

"शिकल्याली हाय ना?"

"चांगली शिकलेली दिसते. प्रश्न योग्य आहे."

"बेड. त्यो सोडा."

मी प्रश्न सोडत नाही. ठरलेल्या जागी 'सांगता येत नाही'वर खूण केली. कंबर दुखते का, या प्रश्नाला त्यांनी छाती फुगवून "न्हाय" म्हटलं. पुढे एक प्रश्न होता. तुम्ही उपकरण वापरलं नाही, तर तुमच्या टोळीतले इतर वापरतील का? त्यावर ते प्रसन्न हसले. "मी न्हाय घातला तर कुनाची छाती हाय? लिवा तसंच." मी तसंच लिहिलं, इंग्रजीत छाती कशी बसवायची ते जरा विचार करून. मग मायव्वांची हाक आली आणि ते सही न करताच उठून गेले.

रविवारी सकाळी इस्माईल आले. इस्माईल पलीकडच्या गल्लीत राहतात आणि बिराप्पांचे जोडीदार आहेत. बिराप्पा गठ्ठ्याच्या या टोकाला, इस्माईल त्या टोकाला, अशी बावीस वर्षं. बिराप्पा जितके मोठ्याने बोलतात तितके इस्माईल हळू. त्या दिवशी ते खुर्चीत बसले ते तीन टप्प्यांत. आधी हात टेकले, मग थांबले, मग उरलेले बसले.

मी फॉर्म उलगडला. कंबर दुखते का?

"लिखो... थोडी."

"थोडी म्हणजे?"

"नमाज को झुकता ना टीचर, तो उठते वक्त बीवी कू आवाज देना पडता."

मी पेन खाली ठेवलं. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"कंपनी के डॉक्टर कू बोल्या तो टेबल पे बिठाते, धागे काटने कू. बुरा काम नै वो. पन मेरी जागा पे दुसरा आता. बिराप्पा के सामने दुसरा."

"मग तो पट्टा घालून बघा ना."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग आवाज आणखी हळू केला. "एक बार पहना. गोडाऊन के पीछे, कोई नै था तब. टीचर, झुक्या और उठ्या." ते थांबले. "बस. उठ्या!"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा तुमच्या बाबांचा पहिल्यांदा सायकल चालवताना झाला होता.

"मग?"

"मग बिराप्पाची हाक आली. काढून खुंटी पे टांग दिया. सबके सामने उने बोल्या, लुगडं नेसके ससुराल जाओ. मैं कैसा पहनूँ? और महिना खतम, तो पट्टे वापस." जाताना दारात वळून म्हणाले, "उसकू बोलो नको, टीचर. उने दिल का खराब नै."

मी कबूल केलं. एकाचा पेपर दुसऱ्याला दाखवायचा नाही, हा माझा शाळेपासूनचा नियम.

पण माझा आणखी एक नियम आहे. ज्याचे शब्द मी लिहिले, त्याला सही करण्याआधी ते सगळे वाचून दाखवायचे. म्हणून त्याच संध्याकाळी मी बिराप्पांना सहीसाठी बोलावलं आणि त्यांचा फॉर्म पहिल्यापासून वाचू लागले. विश्वास: अजिबात नाही. "बरोबर." कंबरदुखी: नाही. "बरोबर!" तुम्ही वापरलं नाही तर टोळीतले इतर वापरतील का? उत्तर: मी घातला नाही तर कोणाची छाती आहे?

बिराप्पा पुढे वाकून कागदाकडे बघू लागले.

"पुढे वाचू?"

"ती वळ परत वाचा."

मी परत वाचली. आवाजात काही येऊ दिलं नाही.

"म्हंजी," ते म्हणाले, "मी न्हाय घातला म्हनून कुनीच घालंना झालंय?"

"ते मला कसं माहीत? टोळी तुमची."

त्यांनी फाटकाकडे बघितलं. पलीकडच्या गल्लीचा रस्ता तिथून दिसतो. "सकाळच्या पारी कोन आलतं हितं?"

"बिराप्पा, मी तुमचा फॉर्म कोणाला दाखवते का?"

"न्हाय."

"मग."

ते उठले. "सही उद्या करतो," म्हणाले आणि चप्पल न घालताच गेले. चप्पल मांजरीने रात्रभर सांभाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायव्वा माझ्याकडे धावत आल्या. "बाई, बाम हाय का? ह्यो मानूस उठलाय त्यो वाकडाच! कंबर धरलीया म्हनतोय. लई वरडाय लागलाय."

पुढचं मी इस्माईलकडून ऐकलं. बिराप्पा कारखान्याच्या फाटकातून एक हात कमरेवर ठेवून, दर चार पावलांना "आई आई गं" करत आत आले. टोळी घाबरली. या माणसाच्या तोंडून 'आई गं' कोणी कधी ऐकलेलं नव्हतं, गठ्ठा पायावर पडला तेव्हासुद्धा नाही. ते थेट खुंटीपाशी गेले आणि म्हणाले, "आना ती पाठराखीण." इंजिनिअर मुलगी पळत आली आणि तिने पट्टे बांधून दिले. बिराप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"काय बघताय? म्हातारा झालो मी. हसा की."

कोणी हसलं नाही.

"पन एकट्याला लाज वाटतीया मला. जोडीला जोडी पायजे. इस्माईल, तू बी घाल. मुकादम सांगतोय."

"मेरेकू क्या हुवा?" इस्माईल म्हणाले. तेही काही कमी नाहीत.

"तुला काय बी झालं न्हाय, ठावं हाय. माज्यासाठनं घाल."

इस्माईलनी घातला. दुपारपर्यंत आणखी दोघांनी घातला. आठवड्याअखेर खुंटी रिकामी होती.

बिराप्पांची अडचण मात्र आता सुरू झाली. कंबर कारखान्यात दुखायची तर घरीही दुखायला हवी, कारण इस्माईल पलीकडच्याच गल्लीत राहतात. मायव्वा रोज संध्याकाळी तव्यावर वाळू तापवायच्या, फडक्यात बांधायच्या आणि त्या धडधाकट पाठीवर ठेवायच्या. या ओरडण्यात मात्र खोटं काही नव्हतं. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण औषध सांगे. कोणी एरंडाचं पान म्हणे, कोणी सात रस्त्यावरच्या हाडवैद्याचा पत्ता देई. एका रविवारी तर मी काय बघितलं, बिराप्पा माझ्या व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून उभे! मी बाहेर आले तसे फाटकाकडे बोट करून कुजबुजले, "गेला का इस्माईल?" गेला, म्हटल्यावर भिंतीपासून असे सुटले, जसं कोणी त्यांना तिथे डिंकाने चिकटवलं होतं. सदऱ्याचा चुना झटकत म्हणाले, "ह्ये टेकायचं बी सोपं न्हाय बगा. दमायला हुतंय."

महिना संपला. पुन्हा फॉर्म आले, या वेळी फक्त इंग्रजी. आधी इस्माईल आले आणि एका टप्प्यात बसले.

प्रश्न होता, उपकरण वापरायला तुम्ही कशामुळे तयार झालात?

"लिखो, जोडीदार की कमर दुखती, इसलिए."

मी लिहिलं. मग मला राहवलं नाही. "इस्माईल, त्यांची कंबर..."

"उसकी कमर कू कुछ नै हुवा, टीचर." ते शांतपणे म्हणाले. "जिसकी सच्ची दुखती ना, उने आई गं नै चिल्लाता. उने चुप बैठता."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"उसके बी पहिले का मालूम है." त्यांनी माझ्या टेबलावरची लांब फूटपट्टी उचलली आणि तिच्या दोन्ही टोकांखाली एकेक बोट ठेवलं. "ये गठ्ठा. ये मैं, ये उने. दोनों किनारे पे, तो वजन आधा-आधा. अब देखो." बिराप्पांचं बोट त्यांनी पट्टीखालून मध्याकडे सरकवलं. पट्टीचा सगळा भार त्या बोटावर आला आणि दुसरं बोट नुसतं लावल्यासारखं राहिलं. "साल भर से उसका हाथ ऐसा सरकते सरकते अंदर आया. थोडा थोडा. उसकू लगता, मेरेकू समजा नै. मेरा आधा वजन उने उठाया, साल भर. मैं बी नै बोल्या. बोल्या तो उसकू शरम आती."

"आणि आता?"

"अब पट्टा है. मेरी कमर अच्छी है." त्यांनी पट्टीखालचं दुसरं बोट, स्वतःचं, हळूच मध्याकडे सरकवलं. पहिलं बोट टोकाकडे परत ढकलल्यासारखं गेलं. "अब मैं सरकता. उसकी उमर हो गई ना, टीचर."

इस्माईल गेल्यावर मी ती पट्टी माझ्या दोन बोटांवर ठेवून एकेक बोट सरकवून बघितलं. चहाही राहून गेला.

संध्याकाळी बिराप्पा आले. इंजिनिअर मुलीने सांगितलं होतं की पट्टे आता कायमचे राहणार, फक्त हे कागद हवेत. मी प्रश्न वाचत गेले. कंबर दुखते का? मागच्या फॉर्ममध्ये 'नाही' होतं.

"व्हय लिवा," ते म्हणाले. "दुकत हुती, आता बरी हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात. मी खोटं उत्तर कधी लिहिलेलं नाही, तुम्हा दोघांच्या गृहपाठातसुद्धा नाही. हे मात्र लिहिलं, स्वच्छ अक्षरात.

"शेवटचा प्रश्न. इतर काही तक्रार?"

"हाय." ते खुर्चीत पुढे सरकले. "लिवा. कंपनी गठ्ठ्यात माल कमी भराय लागलीया."

"म्हणजे?"

"पयलं कसं, गठ्ठा उचलला की हाताला कळायचं. आता हलका लागतोय. लई हलका. कुनीतरी चोरी कराय लागलंय, बाई. निम्मं टॉवेल कुटं जात्यात, बगाय सांगा त्या पोरीला."

"पट्ट्यामुळे वाटत असेल."

"पट्टा कंबरंला हाय. हाताला न्हाय. हात खोटं सांगत न्हाय की." त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर उलटे धरले. जाड, घट्टे पडलेले, वयाने जरा वाकलेले. "बावीस वर्सं उचलतोय. इस्माईलला बी इचारलं. त्यो म्हनतोय, मला न्हाय तसं वाटत."

"इस्माईलना नाही वाटत?"

"त्येला काय कळतंय? भोळा हाय त्यो." आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "त्येच्याकडं जरा ध्यान असू द्या, बाई. कवा काय सांगत न्हाय त्यो मानूस."

मी तक्रार लिहिली. गठ्ठे पूर्वीइतके जड लागत नाहीत, माल तपासावा. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि हात लांब करून, डोळे बारीक करून, खाली सही केली.